तोफगोळ्यांची ओळख आणि जतन

गडांच्या पायथ्याशी नांगरट करताना, तळ्याचा गाळ काढताना किंवा तटाची डागडुजी चालू असता जुने तोफगोळे हाती लागतात. गावकरी ते देवळाच्या पारावर अथवा शाळेच्या कपाटात ठेवतात. ही आस्था कौतुकास्पद खरी; परंतु सापडलेली वस्तू नेमकी कोणती, हे आधी कळणे अगत्याचे आहे.

दगडी गोळे निरुपद्रवी होत. लोखंडी गोळे मात्र दोन जातींचे असतात. भरीव गोळा तट फोडी, पण स्वतः फुटत नसे. दुसरा पोकळ, आत दारू ठासलेला. त्यास कुलपी गोळा म्हणत. उखळी तोफांतून तो तटावरून आत टाकला जाई. १८१८ साली इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांचा मारा केला व १० मे रोजी गड त्यांच्या हाती गेला. कुलपी गोळ्यास बत्तीसाठी छिद्र असते. गंजाने ते बुजले की गोळा भरीव भासतो. १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव बिडाचा गोळा सुमारे पावणेचार किलो भरतो, पोकळ त्याहून हलका. ही परीक्षा तज्ज्ञांनीच करावयाची. (सिमेंट कारखान्यातील दळणयंत्राचे पोलादी गोळेही कधीकधी ‘शिवकालीन’ म्हणून मिरवतात!)

जुनी दारू निकामी झालेली असते, हा समज घातक होय. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धातील गोळा साफ करीत असता तो फुटून व्हर्जिनिया राज्यात २००८ साली एक अनुभवी संग्राहक मृत्युमुखी पडला. म्हणून गोळा आढळल्यास तो हलवू नये, ठोकू नये, त्यास धग लावू नये. दुरूनच छायाचित्र घेऊन पोलीस ठाण्यास कळवावे. बॉम्बशोधक व नाशक पथकाने निर्वाळा दिल्यावरच पुरातत्त्व विभागाचे काम सुरू होते. शाळेच्या कपाटातील गोळेही याच रीतीने तपासून घ्यावेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाची, भूमीत दडलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे.

जतनाचा खरा शत्रू क्षार. समुद्रातून निघालेला गोळा उन्हात वाळवला की तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात. निर्धोक ठरलेला असा गोळा तज्ज्ञ येईपर्यंत पाण्यातच बुडवून ठेवावा; प्रयोगशाळेत तो कित्येक महिने अल्कधर्मी द्रावणात ठेवून क्षार काढले जातात. जमिनीतील गोळ्याचा सुटा गंज मऊ कुंचल्याने झाडून, टॅनिक आम्ल व मेणाचा हात देतात. तैलरंग किंवा शेंदूर फासल्यास आतला गंज झाकला जातो, थांबत नाही.

ग्रामपंचायतीने प्रत्येक गोळ्याचा व्यास, वजन, सापडल्याची तारीख आणि नेमकी जागा नोंदवहीत लिहावी. जागा ठाऊक असेल तर तोफ कोणत्या टेकडीवरून डागली गेली, याचाही माग अभ्यासकांना लावता येतो.