कपाशीवरील फवारणी : औषध कसे मिसळावे?

प्रश्न : कपाशीवर दोन-तीन कीटकनाशके एकाच पंपात मिसळून फवारली तर चालते का?

उत्तर : लेबलवर तशी शिफारस नसेल तर मुळीच नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा आणि मनमानी मिश्रणे यांनी तेव्हा घात केला.

डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा दाखवतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. सर्वाधिक धोका औषध ओतताना असतो, कारण तेव्हा ते पाण्याविना, तीव्र असते. म्हणून हातमोजे, चष्मा, मास्क घालून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून ते मापानेच मोजावे. झाकणाचा अंदाज नको. आधी थोडे पाणी, त्यात औषध, काठीने ढवळून मग उरलेले पाणी. हात घालून ढवळणे हा जिवाशी खेळ आहे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. फवारणी वारा शांत असताना, सकाळी किंवा सायंकाळी करावी.

मळमळ, लाळ, अंधूक दिसणे जाणवताच काम थांबवून, कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन रुग्णाला दवाखान्यात न्यावे. औषधाचा डबा किंवा लेबल डॉक्टरांना दाखवावे. उपचार त्यावर ठरतो.