मोठं ताट लेकीचं

दोरीचा मल्लखांब करणाऱ्या 14 वर्षांच्या मुलीला तिच्या बापापेक्षा जास्त जेवण लागतं. आमच्या घरात हे नीट उमगायला डॉक्टरांकडे जावं लागलं, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020च्या शिफारशींत 13 ते 15 वयाच्या मुलीची रोजची गरज 2400 किलोकॅलरी धरली आहे. बैठं काम करणाऱ्या पुरुषाची 2110, स्त्रीची 1660. मुलगी रोज कडक सराव करत असेल तर तिचा आकडा आणखी वर जातो. आपल्याकडे मात्र कर्त्या पुरुषाचं पान आधी वाढायचं आणि मोठं वाढायचं, ही सवय अजून सुटलेली नाही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्लॅनिंगला आहे, राहायला निगडीला. सकाळी कंपनीची बस, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी आणि तिथून थेट लेकीच्या सरावाला. सराव संपेपर्यंत थांबायचं. ऐन भुकेची वेळ, गेटबाहेर वडापावची गाडी, सोबत चार पालक. घरी आल्यावर ती जेवायला बसली की तिला सोबत म्हणून पुन्हा माझं ताट. मुलांना खेळाला नेणाऱ्या बहुतेक आईबापांचं वजन असंच वाढतं: एकदा मैदानावर, एकदा घरी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए1सी 6.1 निघालं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा.

'पोट जरा सुटलंय, बाकी ठीक आहे' हे वाक्य आपल्या लोकांनी तरी म्हणू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, स्त्रीची 80 च्या.

मी आणि लेकीच्या आईने मिळून जेवण आवरायला घेतलं. हॉलमध्ये काटा आला, मोबाइलवर कॅलरी मोजायचं अ‍ॅप आलं, आणि जेवताना दुसरा विषय उरला नाही. 'भात नको', 'आज दोनशे ग्रॅम वाढलं', 'तूप काढून टाक'. लेक समोरच बसलेली असायची. त्यातच एका स्पर्धेत कुणीतरी मोठ्या माणसानं तिला सांगितलं, दोन किलो उतरव, दोरीवर हलकी होशील.

हा खेळ कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत सुती दोरी धरून वर चढायचं. कुठेही गाठ मारायची नाही. दोरीचे वेढे मांडीला, कमरेला घ्यायचे, अढी घट्ट करायची आणि हात सोडायचे. सगळा भार त्या वेढ्यावर. माझ्या लेकीच्या मांडीवर दोरीचे वळ कायम असतात, आणि त्या महिन्यांत ते भरून येत नव्हते. भाकरी अर्धी टाकायची, डबा तसाच परत यायचा. एका संध्याकाळी डोकं खाली असताना तिला घेरी आली. तिचे प्रशिक्षक सर खालीच उभे होते, त्यांनी कमरेला धरून तिला गादीवर उतरवलं.

डॉक्टरांकडे नेलं, तर तिचं हिमोग्लोबिन 10.2 निघालं. या वयाच्या मुलीत ते 12 च्या खाली असलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तिला आणि आईला पाळीबद्दल विचारलं. ती कितीतरी दिवस चुकली होती आणि पोरीनं आईलाही सांगितलं नव्हतं. मेहनतीच्या मानानं अन्न कमी पडलं की शरीर हाडं, पाळी, वाढ यांच्यावरचा खर्च कापतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये याला रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट असं नाव दिलं. मुलग्यांनाही हे होतं, फक्त पाळीसारखी उघड खूण त्यांच्यात नसते.

खेळ सोडवायचा का, असा प्रश्न नातेवाइकांनी लगेच टाकला. सोडवायचा नाही, हे आमचं ठाम उत्तर. 'क्रिकेट, बॅडमिंटन सोडून हे काय?' असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा 2019 साली मुंबईत शिवाजी पार्कला झाली आणि हिमानी परब या मराठी मुलीला याच खेळासाठी 2021 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. सोडायची होती ती ताटावरची वजनाची भाषा.

काटा आता आमच्या कपाटात आहे. लेकीचं वजन फक्त डॉक्टर घेतात. सरांना रिपोर्ट दाखवला, आणि तिच्याशी वजनाबद्दल मैदानावर कुणी बोलायचं नाही हे ठरवून घेतलं. तुम्हीही हे स्पष्ट बोला, संकोच करू नका; चांगले प्रशिक्षक ऐकतात.

उलटं लटकायच्या खेळात भरल्या पोटी जाता येत नाही, म्हणून तिचं खाणं मागंपुढं वाटून दिलं. शाळेतून आल्या आल्या, सरावाच्या दोन तास आधी, पोळीत गुंडाळलेलं ऑम्लेट किंवा दही-शेंगदाणा चटणीशी पोळी. निघताना केळं. परतल्यावर भाकरी, उसळ, भात, वर लिंबू. लिंबामुळे उसळीतलं लोह अंगी लागतं, जेवणाला चिकटून घेतलेल्या चहानं ते वाया जातं. अळिवाचा लाडू हिवाळ्यात. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या दिवस. प्रोटीनचे डबे आणले नाहीत, डॉक्टरांनीच नको म्हटलं.

माझं जेवण मी तिच्यापासून तोडलं नाही, वेळ बदलली. चाकणहून निघताना बसमध्येच फुटाणे आणि काकडी खातो, त्यामुळे वडापावच्या गाडीजवळ भूक नसते. सराव चालू असताना बाकावर न बसता मैदानाला फेऱ्या मारतो. आता आणखी काही पालक सोबत असतात, गप्पा त्याच, फक्त चालता चालता. रविवारी दुर्गा टेकडी. कॅन्टीनमध्ये भात एकदाच, उसळ दोनदा. रात्री लेकीसमोर बसतो एक भाकरी आणि वाटीभर आमटी घेऊन, आणि ती जेवेपर्यंत उठत नाही. मुलांना एकटं जेवायला लावू नका. पानात काय राहतंय ते जवळ बसल्याशिवाय दिसत नाही. माझी कंबर सावकाश उतरतेय. उपाशी राहून घाईनं उतरवायला जाल तर घरातली मुलं तेच शिकतील.

शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. त्याआधी, जूनमध्येच, मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि पाळीच्या तारखा आईनं तिच्यासोबत बसून लिहून ठेवाव्यात. परगावी मुक्काम असेल तर दशम्या, चटणी आणि गूळ-शेंगदाणे पिशवीत असू द्या. स्पर्धेत मुलांचा नंबर कधी लागेल याचा नेम नसतो, आणि डबा जवळ असला तर तासन्‌तास उपाशी थांबून दोरीवर चढायची वेळ येत नाही.