जुने सुकाणू, नवी पेटी

विजेच्या कळीला दोनच गोष्टी ठाऊक असतात : चालू आणि बंद. सुकाणूचे काम तेवढ्याने भागत नाही. ते किती वळले, हेही कळावे लागते. हे ‘किती’ सांगणाऱ्या लहानशा भागाला पोटेन्शिओमीटर म्हणतात.

अमेरिकेतील अटारी कंपनीने १९८३ साली ‘स्टार वॉर्स’ हा खेळ आणला. नाणे टाकून खेळावयाच्या त्या यंत्राला विमानासारखे सुकाणू होते. आतील एक पोटेन्शिओमीटर डावी-उजवी हालचाल टिपी, दुसरा वर-खालची. आज अनेक हौशी कारागीर घरी लाकडी पेटी बनवून तीत संगणक बसवितात आणि १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘मेम’ या आज्ञावलीच्या साह्याने जुने खेळ जिवंत करतात. परंतु हाताचे समाधान मूळच्या सुकाणूवाचून होत नाही.

अडचण येथेच येते. सुकाणू विद्युत्दाबाच्या भाषेत बोलते; संगणकाला आकडे कळतात. दोघांमध्ये दुभाषी हवा. ते काम ‘आर्डुइनो लिओनार्डो’सारखा छोटा फलक करतो.

पोटेन्शिओमीटरला तीन टोके असतात. बाहेरचे एक टोक पाच व्होल्टला व दुसरे शून्य दाबाच्या तारेला जोडावयाचे. मधले फलकाच्या अ‍ॅनलॉग टोकाला. मूठ वळली की आतील काटा कार्बनच्या पट्ट्यावरून सरकतो आणि मधल्या टोकावरील दाब बदलतो. फलक त्या दाबाचे ० ते १०२३ पर्यंतच्या आकड्यांत रूपांतर करून ते यूएसबी तारेने संगणकास कळवितो.

मुठीची हालचाल मर्यादित असल्यामुळे आकडे दोन्ही सीमांना पोचत नाहीत. म्हणून मूठ दोन्हीकडे अखेरपर्यंत वळवून मिळालेले लघुतम व महत्तम आकडे नोंदवावे आणि त्यांनाच पडद्याच्या दोन कडा मानावे.

बाहेरच्या तारांची अदलाबदल झाली तर केवळ दिशा उलटते. मात्र मधले टोक चुकून पाच व्होल्टला जोडले आणि काटा शून्याच्या टोकाकडे गेला, तर वाटेत रोध उरत नाही व पट्टा जळू शकतो. चाळीस वर्षे टिकलेली वस्तू क्षणार्धात निकामी होते. म्हणून जाणता कारागीर आधी रोधमापक हाती घेतो. मूठ फिरविली तरी ज्या दोन टोकांमधील रोध बदलत नाही, ती बाहेरची; उरलेले मधले. एवढी खात्री झाल्यावरच तो तार जोडतो. जुन्या यंत्राचा मान त्याच्या या सावधपणात राहतो.

स्वाध्याय
१. कळ व सुकाणू यांच्या कामांत कोणता फरक आहे?
२. तार जोडण्यापूर्वी तिन्ही टोके ओळखणे का आवश्यक आहे?