चटईवरचा अर्धा तास

दोन वर्षांचं मूल हाक मारली तरी वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आधी बोलायचं ते दोन-चार शब्दही गेले आहेत. आणि घरातली मोठी माणसं समजूत घालतात, ‘‘याचा बापही उशिराच बोलला.’’ वाचकहो, अशा वेळी थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या, कारण कमी ऐकू येणारं मूलही असंच वागतं. मग बालविकासतज्ज्ञांना दाखवा. खासगी खर्च झेपत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा.

ऑटिझमचं निदान व्हायला अनेकदा महिने जातात, आणि या वयातले महिने मोलाचे असतात. म्हणून घरी काय करता येतं, ते पाहू. गोव्यातली संगाथ ही संस्था आणि रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून ‘पास’ नावाच्या पालक-प्रशिक्षणाची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची ६५ ऑटिस्टिक मुलं तीत होती. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण करायचं, ते सोबत बसून पाहायचं, आणि मुलाने कुठे इशारा केला, आपण तो कुठे ओळखला हे शोधायचं. सहा महिन्यांत अशी बारा सत्रं. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून पालकांशी संवाद सुरू करू लागली. चाचणी लहान होती, आणि दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र उलट कमी भरला. हेही सांगायला हवं. तरी आपल्याकडच्या घरांत, आपल्या भाषांत हे करता येतं, याला मी फार महत्त्व देतो.

घरी कसं करायचं? रोज अर्धा तास टीव्ही आणि मोबाइल बंद. चटईवर मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसा. तो डब्याचं झाकण फिरवत असेल, तर ते काढून घेऊन ‘‘रंग कोणता सांग’’ म्हणू नका. दुसरं झाकण घ्या, तुम्हीही फिरवा, ‘‘गोल गोल’’ म्हणा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. ही शांतता आपल्याला सोसत नाही, आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो. पण मुलाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. त्याने नुसतं पाहिलं, हात पुढे केला, हुंकार दिला, तरी ते त्याचं बोलणं आहे. त्याला शब्द द्या: ‘‘अजून हवं!’’

हे सगळं आईच्याच गळ्यात घालू नका. आजोबांना, वडिलांना झाकण फिरवता येतं. आणि आईला दोष तर मुळीच देऊ नका. तिच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो, असं गेल्या शतकात काही तज्ज्ञच म्हणत. ते साफ खोटं ठरलं. मेंदूची घडण वेगळी होण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. लसीचा संबंध नाही: डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गोवर-गालगुंड-रुबेला लसीने धोका वाढलेला दिसला नाही. स्टेम सेलच्या इंजेक्शनांसाठी दागिने मोडणारी कुटुंबं पाहून जीव तुटतो. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तो पैसा वाणी-भाषा उपचारांना आणि तुमच्या विश्रांतीला लावा.

शाळेविषयी. ‘‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाही’’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयीही करायच्या आहेत. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढून ठेवा.

पण नुसतं वर्गात बसवणं म्हणजे समावेश नव्हे. पहिल्या दिवसाआधी वर्गशिक्षिकेला भेटून एक पानभर लिहून द्या: घंटेच्या आवाजाने तो कान झाकतो, तेव्हा त्याला दाराबाहेर दोन मिनिटं उभं राहू द्या, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावा, सूचना एका वेळी एकच द्या, शौचाला जायचं असलं की तो अमुक खूण करतो. त्याला काय आवडतं, हे पानाच्या सगळ्यात वर लिहा. बाईंना त्याच्याशी बोलायला सुरुवात तिथूनच करता येईल.