भौतिकोपचार विभागात येताना : रुग्ण व कुटुंबीयांसाठी

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘फिजिओथेरपी’ असे लिहून दिले की रुग्णाच्या व नातेवाइकांच्या मनात अनेक शंका उभ्या राहतात. नुसता शेक देतील की मालिश करतील? दुखरा सांधा जबरीने वाकवतील का? किती दिवस यावे लागेल? या शंकांचे निरसन व्हावे आणि या विभागात नेमके काय चालते हे आमच्या देणगीदारांनाही कळावे, या हेतूने हा लेख देत आहोत.

भौतिकोपचाराचे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. पोलिओच्या साथीनंतर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली या शास्त्राचे विद्यालय सुरू झाले. लुळ्या पडलेल्या पायांना पुन्हा उभे करण्याच्या गरजेतून ही विद्या आपल्याकडे रुजली. आज गुडघेदुखी, खांदा आखडणे, अस्थिभंग, सांधेरोपण व पक्षाघात अशा अनेक व्याधींत तिचा उपयोग होतो.

पहिल्या भेटीस येताना डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड व चालू औषधे सोबत आणावीत. कपडे सैल असावेत. स्त्री-रुग्णांनी घरातील कोणास सोबत बसवून घ्यावयाचे असल्यास निःसंकोचपणे सांगावे. या भेटीत उपचारांपेक्षा विचारपूस अधिक होते. वेदना केव्हा वाढते, जिना चढता येतो का, मांडी घालून बसता येते का, रात्री झोप लागते का, असे प्रश्न विचारले जातात. सांधा किती अंशांत वाकतो हे कोनमापकाने मोजतात व स्नायूंच्या शक्तीस ० ते ५ असे गुण देतात. या नोंदींवरूनच पुढे सुधारणा जोखली जाते. छातीत पेसमेकर, शरीरात धातूची पट्टी, गरोदरपण, कर्करोग किंवा मधुमेहामुळे आलेली बधिरता असल्यास ते आधीच सांगावे. विजेवर चालणारी काही यंत्रे व शेक अशा रुग्णांना अपायकारक ठरू शकतात.

यंत्रांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. शेक व विद्युत्-उपचार यांनी वेदना काही काळ शमते. परंतु स्नायूंत बळ येते ते व्यायामानेच. व्यायाम करताना थोडा ताण व सौम्य दुखणे अपेक्षित आहे. मात्र दुसऱ्या दिवशीही वेदना वाढलेलीच राहिली किंवा सांध्यावर सूज आली, तर पुढील भेटीत ते अवश्य सांगावे, म्हणजे व्यायामाचे प्रमाण बदलता येते. पोटरी अचानक सुजून दुखू लागणे, छातीत दुखणे, हातापायातील शक्ती एकाएकी जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे, अशा वेळी व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे यावे.

विभागात रुग्ण दिवसातून अर्धा-पाऊण तास असतो; उरलेला सारा वेळ तो घरी असतो. म्हणूनच उपचाराचा मोठा वाटा घरच्यांच्या हाती आहे. पक्षाघात झालेल्या आजींना सून मायेने घास भरवते, मुलगा उचलून खुर्चीत बसवतो, पाण्याचा पेलाही कोणी त्यांना उचलू देत नाही, हे दृश्य आम्ही वारंवार पाहतो. या मायेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु जो हात वापरला जात नाही, तो हळूहळू काम विसरतो. पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सहसा सर्वाधिक असतो. हेच दिवस अति-सेवेत गेले तर ती संधी हातची जाते. तेव्हा आजींना जे करता येते ते त्यांना करू द्यावे. उशीर लागेल, चार थेंब सांडतील, तरी घाई करू नये. मात्र त्यांच्या दुर्बल हाताला धरून त्यांना कधीही ओढू नये, त्याने खांद्यास इजा होते. उचलण्याची व आधार देण्याची योग्य रीत आम्ही आनंदाने शिकवू; त्यासाठी घरातील एकाने तरी सोबत यावे.

किती दिवस, या प्रश्नाचे उत्तर व्याधीनुसार निराळे आहे. मुरगळलेला घोटा काही आठवड्यांत सुधारतो. आखडलेल्या खांद्यास मात्र एक ते तीन वर्षेही लागू शकतात, आणि मधुमेही रुग्णांत हा विकार अधिक आढळतो. थोडे बरे वाटताच येणे बंद करणारे रुग्ण पुष्कळदा काही महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येतात. प्रवासखर्च वा रजेची अडचण असल्यास ती लपवू नये. भेटी कमी करून घरचा व्यायाम वाढविता येतो.

देणगीदारांच्या औदार्याने यंत्रे येतात, जागा उभी राहते. त्या औदार्याचे खरे चीज मात्र रुग्णाच्या घरी होते. आजी स्वतःच्या हाताने पेला ओठांशी नेतात, तेव्हा दाता, उपचारक आणि कुटुंबीय या तिघांचेही श्रम सार्थकी लागतात.