खुकरीची प्रतिकृती : प्रमाण १:२००

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘आयएनएस खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. सोबतच्या ‘कृपाण’वर माझे आजोबा होते. पाकिस्तानी वृत्तांतानुसार पहिला पाणतीर कृपाणवरच सोडला होता. तो जहाजाखालून गेला, पण फुटला नाही. दोन्ही नौका एकाच ब्लॅकवुड वर्गातल्या, त्यामुळे एकीची मापे दुसरीलाही लागू पडतात. आजोबांना विचारत विचारत मी खुकरीची प्रतिकृती केली. तिचे गणित येथे देत आहे.

मूळ लांबी सुमारे ९४ मीटर, रुंदी १० मीटर. २०० ने भागले की ४७ सें. मी. व ५ सें. मी. मिळतात. वजनाचे मात्र तसे नाही. लांबी, रुंदी व उंची तिन्ही २०० पटींनी घटतात, म्हणून वजन ८० लाख पटींनी घटते. सुमारे १,२०० टनांच्या नौकेची प्रतिकृती पाण्यात योग्य रेषेपर्यंतच बुडायला हवी असेल, तर तिचे वजन अवघे १५० ग्रॅम हवे. म्हणून पांगाऱ्याचे हलके लाकूड घेऊन ते आतून कोरले, वरचे मजले पुठ्ठ्याचे केले आणि तळाला शिशाची पट्टी बसवली. भार खाली असला की नौका कलंडत नाही. आजोबांनी आधीच बजावले होते, “पंखा एकच लाव.” या वर्गाच्या नौकांना खरोखरच एकच पंखा असे.

पाणबुडीवर मारा करणाऱ्या ‘लिंबो’ तोफांचा पल्ला सुमारे ९०० मीटर. आपल्या प्रमाणात साडेचार मीटर, म्हणजे टेबलापासून भिंतीपर्यंत. पाणतीर त्याच्या कितीतरी पट दुरून येतो. त्या रात्रीची विषम लढत या एका मापावरून मला कळली.

या प्रमाणात माणूस साडेआठ मिलिमीटरचा, लांबट तांदळाच्या दाण्याएवढा होतो. मी १९४ दाणे मोजून पाहिले; ते एका मुठीत मावले. आजोबांनी ते पुन्हा डब्यात टाकू दिले नाहीत.

ज्यांच्या घरी कोणी लढाईवर गेलेले असेल, त्यांनी “युद्धाचे सांगा” असे म्हणू नये. शिडी किती उंच होती, दार कोणत्या बाजूला उघडे, हे विचारावे. उरलेले ते आपणहून सांगतात.