अडचणीच्या जागीं भोंक पाडणें : ड्रिल यंत्राचा दांडा लांबविण्याची रीत

पावसाळ्यापूर्वीं गोठ्याची, ट्रेलरची व अवजारांची डागडुजी करावयास घेतली म्हणजे एक अडचण बहुतेक शेतकऱ्यांस येते. बोल्ट घालावयाची जागा डोळ्यांस दिसते, परंतु तेथें ड्रिल यंत्र पोंचत नाहीं. तुळई व भिंत यांमधील चिंचोळ्या जागेंत किंवा ट्रेलरच्या दोन चॅनेलांमध्यें यंत्राचें धड आड येतें. दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींत बिट तोकडें पडतें. पूर्वीं सुतार अशा वेळीं हातगिरमिटानें काम भागवीत असे. त्यास वेळ लागे. पण हाताच्या वेगानें फिरणारें गिरमीट सहसा कोणास इजा करीत नसे. आतां विजेचें यंत्र पुष्कळ घरीं आलें आहे. त्याचा दांडा लांबवितां येतो, ह्यांत शंका नाहीं. मात्र लांबी वाढविली कीं वेग कमी केलाच पाहिजे. हा एक नियम न पाळल्यास काम बिघडतें, आणि प्रसंगीं हात किंवा डोळा गमावण्याची पाळी येते.

आम्हीं स्वतः ही चूक एकदां केली आहे. गोठ्याच्या तुळईस भोंक पाडावयाचें होतें. ६ मिलिमीटर जाडीच्या दोन फूट सळईस बिट वेल्ड करून घेतलें, आणि तें लांकडास टेकविण्यापूर्वींच यंत्राची कळ पूर्ण दाबली. सळई क्षणांत धनुष्याप्रमाणें वांकली, व लागलीच काटकोनांत मोडून शेजारच्या खांबावर आपटूं लागली. हातास केवळ खरचटलें, हें आमचें दैव.

असें कां होतें?

कोणतीही सळई पूर्णपणें सरळ व समतोल नसते. ती फिरूं लागली कीं मध्यापासून बाहेर रेटली जाते. वेग एका ठराविक मर्यादेस पोंचला कीं सळईचा ताठपणा तिला सांवरूं शकत नाहीं. ही मर्यादा लांबीप्रमाणें फार झपाट्यानें उतरते. लांबी दुप्पट केली तर ती निम्म्यावर नव्हे, चौथाईवर येते. हिशेबानें पाहतां ६ मिलिमीटर जाडीची पोलादी सळई चकाबाहेर ३० सेंटिमीटर मोकळी राहिली तर मर्यादा मिनिटास सुमारें २८०० फेरे येते. ४५ सेंटिमीटर राहिली तर सुमारें १२५०, आणि ६० सेंटिमीटर राहिली तर सुमारें ७००. टोंकास बिटाचें व सांध्याचें वजन असतें, त्यामुळें प्रत्यक्षांत ती ह्याहूनही कमी भरते. घरगुती यंत्रांपैकीं पुष्कळांचा मोकळा वेग मिनिटास २५०० फेऱ्यांच्या पुढें असतो. आमची सळई कां मोडली, हें आतां वाचकांस सांगावयास नको. सळईची जाडी दुप्पट केल्यास मर्यादाही दुप्पट होते. म्हणून दांडा लांब हवा असेल तर तो जाडही घ्यावा.

साधनें कोणतीं वापरावीं?

(१) जागा खोल पण सरळ असेल तर मूळचेंच लांब बिट घ्यावें. दगडविटांच्या भिंतींकरितां ठोका देणाऱ्या यंत्राचीं बिटें एक मीटरपर्यंत लांबीचीं मिळतात. सांधा नसल्यामुळें हीं सर्वांत भरंवशाचीं होत.

(२) लांकडांतील बारीक भोंकें व स्क्रू यांकरितां पाव इंची षट्कोनी दांडा मिळतो. त्यास दुकानदार एक्स्टेन्शन म्हणतात. तो ठोक्याच्या यंत्रास लावूं नये. सांधा खिळखिळा होतो.

(३) खोली थोडी, पण यंत्राचें धड मावत नाहीं, अशा ठिकाणीं काटकोनी जोड वापरावा. तेथें दांडा लांबविण्याचें कारणच उरत नाहीं.

(४) वळणाच्या जागीं लवचिक दांडा चालतो. परंतु तो हलक्या कामापुरताच. त्यास तीव्र बांक देऊं नये, व तो एकाच दिशेनें फिरविण्याकरितां केलेला असल्यास उलट फिरवूं नये.

घरचा दांडा करावयाचाच असेल तर बिट वेल्ड करूं नये. उष्णतेनें बिटाचें पोलाद बिघडतें, व सांधा क्वचितच सरळ रेषेंत येतो. त्यापेक्षां १२ मिलिमीटरच्या सळईच्या टोंकास लेथवर बरोबर मध्यावर खांच पाडून घ्यावी, तींत बिट बसवावें, व बाजूनें बारीक स्क्रूनें आवळावें. स्क्रूचें डोकें बाहेर राहूं देऊं नये. सळईचें दुसरें टोंक चकांत मावेल इतकें कांतून घ्यावें.

कृति

प्रथम पलीकडच्या बाजूस विजेची तार किंवा पाण्याचा नळ नाहीं, याची खात्री करावी. नंतर हातगिरमिटानें अगर पंचानें बिटाचें टोंक बसेल एवढी खूण पाडावी. शक्य असेल तेथें जाड लांकडाच्या ठोकळ्यास दांडा सैल फिरेल असें भोंक पाडून तो ठोकळा दांड्याच्या वाटेवर शिकंज्यानें पक्का बसवावा. दांड्यास मध्यें आधार मिळाला म्हणजे त्याची मोकळी लांबी घटते, व थरथर बरीच कमी होते. ठोकळा हातानें धरूं नये.

बिटाचें टोंक खुणेंत बसल्यावरच कळ हलके दाबावी. यंत्रास दोन वेग असतील तर धीमा वेगच लावावा. दोन फुटी दांड्यास मिनिटास ३०० फेरे पुरे आहेत. भोंक खोल होऊं लागलें कीं भुसा बिटाच्या नागमोडी खांचांत तुंबतो, म्हणून बिट वरचेवर थोडें मागें घ्यावें. परंतु तें भोंकाबाहेर काढूं नये. काम संपल्यावर यंत्र पूर्ण थांबवावें, आणि मगच दांडा ओढून काढावा. फिरता दांडा बाहेर येतो, त्याच क्षणीं तो झोडपतो. लोखंडास प्रथम बारीक बिट लावून मग मोठें लावावें, व तेलाचे थेंब सोडीत जावें.

भिंतींत आरंभ आंखूड बिटानें करून मग लांब बिट घालावें. पंपाच्या केबलीकरितां भोंक पाडतांना त्यास बाहेरच्या बाजूस किंचित् उतार द्यावा, म्हणजे पावसाचें पाणी घरांत येणार नाहीं.

खबरदारी

बिट अडकलें तर यंत्रच हातांत फिरतें व मनगट पिरगळतें. म्हणून बाजूची मूठ लावावी, आणि कळ दाबून ठेवणारी खुंटी वापरूं नये. उपरणें, सैल बाह्या व सुती हातमोजे दूर ठेवावे. डोळ्यांस चष्मा असावा. जनावरें आधीं बाहेर बांधावीं. गोठ्याची जमीन ओली असते, करितां ३० मिलिअँपिअरच्या आर. सी. सी. बी.मधूनच वीज घ्यावी, व लोखंडी शिडीवर चढूं नये.

शेवटीं एक विचार करावा. बोल्टाची जागा चार बोटें सरकविली, किंवा दोन नट सोडून भाग खालीं उतरविला, तर पुष्कळदां लांब दांड्याची गरजच पडत नाहीं. जेथें दुसरा इलाज नसेल तेथेंच दांडा लांबवावा. आणि लांबवितांना आपल्या सुताराच्या हातगिरमिटाचा वेग आठवावा.